डबीत मावणारी खनिजे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खनिजांचे व स्फटिकांचे छोटे नमुने जमवण्याविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावाचा किंवा भागाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि महिन्याला फार तर चार-पाचशे रुपये बाजूला काढू शकतो. एवढ्या पैशांत खनिजांचा संग्रह सुरू करता येईल का? मोठ्या नमुन्यासाठी पैसे साठवावेत की लहान नमुने घेत राहावे? (जुळे सोलापूर)

उत्तर : लहान नमुने घ्यावेत, आणि पैसे कमी आहेत म्हणून नाइलाजाने नव्हे, तर विचारपूर्वक घ्यावेत. खनिज जेवढे मोठे वाढते तेवढे ते खाणीतून बाहेर येताना टवके न उडता येणे अवघड होते. त्यामुळे पूर्ण वाढलेला, सगळे पैलू शाबूत असलेला आणि नितळ असा मोठा नमुना फार दुर्मीळ व फार महाग असतो, तर त्याच गुणाचा इंचभर नमुना सामान्य माणसाला परवडतो. संग्राहकांमध्ये आकाराचे काही ठरलेले गट आहेत. एक इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर बाजूच्या घनात मावतो तो थंबनेल, साधारण दोन इंचांच्या घनात मावतो तो मिनिएचर, आणि ज्याचे सौंदर्य सूक्ष्मदर्शकाखालीच कळते तो मायक्रोमाउंट. यांपैकी थंबनेलपासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण सराफी दुकानांत लागतात तशा झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ते ठेवता येतात आणि टेबलाच्या एका खणात अख्खा संग्रह राहतो.

सुरुवात परदेशी खनिजांनी करू नये. आपला महाराष्ट्र ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला आणि आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्यातून त्या पोकळ्यांच्या आत झिओलाइट गटाची, म्हणजे जाळीदार रचनेत पाणी धरून ठेवणारी, खनिजे, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, गार (क्वार्ट्झ) असे स्फटिक वाढत गेले. नाशिक, जळगाव, पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांतील खाणींमधले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. परदेशातील संग्राहक ज्यासाठी हजारो किलोमीटरवर पैसे पाठवतात ते आपल्याला एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर मिळते, ही संधी सोडू नये.

पहिल्या वर्षासाठी स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्कोलेसाइट, कॅल्साइट आणि गार ही सहा नावे पुरेशी आहेत. प्रत्येकाचा एकच नमुना घ्यावा, पण तो आपल्या कुवतीतला सर्वांत चांगला असावा. पैसे उरले तर पुढचा नमुना घेण्याआधी सराफ वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. भिंगाशिवाय थंबनेल विकत घेणे म्हणजे अर्धा नमुना दुकानातच सोडून येणे होय.

प्रश्न : आमच्या शेतात विहिरीचे काम चालू असताना काळ्या दगडात पोकळ्या निघाल्या आणि आत पांढरे, चमकणारे खडे दिसले. कामगार त्यांना गारगोटीच म्हणतात. ते काय असावे? त्यांना किंमत आहे का? शेजारच्या खाणीतून आणखी गोळा करण्याचा विचार आहे. (होटगी परिसर)

उत्तर : आपल्याकडे पांढऱ्या व कठीण अशा कोणत्याही दगडाला गारगोटी म्हणण्याची रीत आहे. तुम्हाला मिळालेले खडे खरोखरच गार असतील किंवा चार-पाच निराळ्या खनिजांपैकी एखादे असेल. नमुना न पाहता नाव सांगणे योग्य नाही, पण घरच्या घरी बरीच चाळणी लावता येते.

पहिली तपासणी डोळ्यांची. पोकळीच्या कडेला निसटून पडलेला एखादा कण भिंगाखाली धरावा. स्टिल्बाइटचा स्फटिक बहुधा मध्ये आवळून बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा, दोन्ही टोकांना फुललेला दिसतो आणि त्याच्या सपाट बाजूला मोतिया चमक असते. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला ही खूण दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. ह्यूलंडाइटलाही मोतिया चमक असते, पण त्याचा स्फटिक मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळता असून त्याच्या कडा स्पष्ट असतात. अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी स्तंभाचे असतात. त्यांचा माथा कधी सपाट तर कधी चार बाजूंनी उतरता असतो, उभ्या बाजूंवर बारीक रेषा दिसतात, आणि स्फटिक मोडला तर आडवा, अगदी सपाट मोडतो. एका बिंदूतून चहूकडे निघालेल्या ताठ सुया दिसल्या तर ते स्कोलेसाइट किंवा त्याचे भाऊबंद असण्याची शक्यता अधिक. गारेचा स्फटिक सहा बाजूंचा आणि टोकदार असतो.

दुसरी तपासणी कठिनतेची, आणि ती नेहमी पडलेल्या कणावर करावी, चांगल्या स्फटिकावर कधीही करू नये. कठिनता १ ते १० अशा मोस मापनावर सांगतात. गारेची कठिनता ७ असल्याने ती काचेवर सहज ओरखडा काढते. कॅल्साइटची ३ आणि स्टिल्बाइटची साडेतीन ते ४ असल्याने दोन्ही साध्या चाकूने ओरखडली जातात. अ‍ॅपोफिलाइट साडेचार ते ५ म्हणजे यांच्या मधोमध येते. तिसरी तपासणी कॅल्साइटसाठी आहे. कणाची पूड करून तीवर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि भिंगातून बारीक बुडबुडे उठताना दिसले, तर ते कॅल्साइट समजावे. काळ्या मातीत सापडणारी चुनखडीही अशीच फसफसते, मात्र तिला स्फटिकांचे पैलू नसतात.

किमतीविषयी स्पष्टच सांगायचे तर विहिरीतून निघालेल्या बहुतेक नमुन्यांना बाजारात मोल नसते, कारण सुरुंग आणि पहार यांनी स्फटिकांची टोके उडालेली असतात. तरीही तुमच्या शेताच्या नावाची चिठ्ठी लावलेले, स्वतः पाहून उचललेले दोन-तीन नमुने तुमच्या संग्रहात ठेवण्याच्या लायकीचे आहेत. नमुना सुटा करण्याच्या घाईत स्फटिकाजवळ हातोडा मारू नये. भोवतालचा काळा दगड, म्हणजे मूळ खडक, थोडा राखूनच तोडावा, कारण मूळ खडकावर बसलेला स्फटिक सुट्या स्फटिकापेक्षा अधिक माहिती देतो आणि अधिक टिकतो.

आता खाणीविषयी. बांधकामाचा दगड हे गौण खनिज आहे आणि त्याच्या उत्खननाचे नियम खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ अन्वये राज्य शासन ठरवते. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे नियम लागू आहेत. खाणपट्टा दुसऱ्याच्या नावावर असताना त्याच्या लेखी परवानगीशिवाय आत जाणे आणि दगड उचलणे हे अयोग्य आहे, मग तो दगड खडीच्या यंत्रात जाणार असला तरीही. स्वतःच्या शेतातून विक्रीसाठी खोदण्याचा विचार असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेत आधी विचारणा करावी. परवानगी मिळाली तरी सुरुंगाच्या वेळा विचारून, डोक्यावर हेल्मेट घालून आणि सोबतीला माणूस घेऊनच जावे. उभ्या कड्याच्या पायथ्याशी बसू नये, पाऊस झाल्यावर तर मुळीच नाही. पाणी साचलेल्या जुन्या खाणींच्या काठावर दरवर्षी माणसे जीव गमावतात आणि कोणताही स्फटिक त्या मोलाचा नाही.

दोन ठिकाणी तर हात लावायचाच नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून दगडही परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर, जिथे उल्का बेसाल्टवर आदळली आणि खडकाचे वितळून काच झालेले तुकडे तयार झाले, तेही अभयारण्य आहे. लोणारचा म्हणून कोणी तुकडा विकायला आणला, तर तो घेऊ नये. खोटा असेल तर पैसे जातील आणि खरा असेल तर आपण त्या जागेची झीज विकत घेतली असे होईल.

धुळीची एक गोष्ट बहुतेक हौशी लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवतो. झिओलाइट गटातील एरिओनाइट या खनिजाचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होतो, हे तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील गावांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. तेव्हा लोकरीसारख्या तंतूंचे अनोळखी खनिज घासू नये, त्यावर फुंकर मारू नये, ते बंद डबीत ठेवावे, आणि दगड फोडताना तोंडावर चांगला मास्क असावा.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत एका दुकानातून गडद गुलाबी रंगाचा, मऊ लव असलेला स्फटिक घेतला. दुकानदाराने तो जमिनीतून असाच निघतो असे सांगितले. माझा भाऊ तो खोटा आहे म्हणतो. (भवानी पेठ)

उत्तर : वर्णनावरून तो ओकेनाइट असावा. हे खनिज खरे आहे, ते महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्येच मिळते आणि मुंबई व पुणे परिसरातील खाणींतून त्याचे उत्तम नमुने निघालेले आहेत. मात्र ते पांढरे, फार तर किंचित पिवळसर किंवा निळसर छटेचे असते. केसाहून बारीक तंतूंचे पांढरे गोळे पोकळीत एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि रंग लवकर शोषून घेतात, याचाच गैरफायदा घेऊन ते गुलाबी, हिरवे, जांभळे रंगवून विकले जातात. म्हणजे तुमच्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, खनिज खरे आणि रंग खोटा.

खात्रीसाठी नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात कापसाचा बोळा भिजवून भोवतालच्या दगडावर, मागच्या बाजूला घासावा. बोळ्यावर रंग उतरला तर शंका उरत नाही. तंतूंवर मात्र द्रव किंवा पाणी लागू देऊ नये, कारण एकदा भिजून चिकटलेले तंतू पुन्हा मोकळे होत नाहीत. भिंगातून पाहिल्यास रंग तंतूंच्या मुळाशी आणि दगडाच्या भेगांत साचलेला दिसतो. नैसर्गिक रंग असा भेगांच्या मागे धावत नाही. रंग काढण्याचा प्रयत्न करू नका, तो पूर्ण निघत नाही आणि नमुनाही जातो.

अशीच फसवणूक इतरत्रही होते. पोकळ गारेचे गोळे भडक निळे किंवा गुलाबी रंगवलेले असतात. जांभळा अ‍ॅमेथिस्ट भट्टीत तापवून पिवळा करतात आणि सिट्रिन म्हणून विकतात. ओपलाइट या नावाने मिळणारा दुधी निळा खडा आणि सोनेरी ठिपक्यांचा गोल्डस्टोन या दोन्ही काचा आहेत. इंद्रधनुषी झळाळी असलेली गार बहुधा धातूच्या वाफेचा मुलामा दिलेली असते. यांपैकी कोणतीही वस्तू विकणे हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही, पण विकणाऱ्याने ती काय आहे हे सांगितले पाहिजे, आणि न सांगणाऱ्याकडून दुसरेही काही घेऊ नये.

सर्वांत जास्त सावधगिरी कॅव्हान्साइटच्या बाबतीत बाळगावी. कॅल्शियम आणि व्हॅनेडियम असलेले हे गर्द निळे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले, परंतु आज जगातील संग्रहांत जे उत्कृष्ट नमुने दिसतात ते बहुतेक पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले आहेत. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळा गोळा हा त्याचा सर्वांत लोभस प्रकार, म्हणून सुटे निळे गोळे स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवण्याचे प्रकार होतात. गोळा जिथे टेकला आहे ती जागा भिंगातून सावकाश फिरवून पाहावी. खऱ्या नमुन्यात निळ्या सुया आणि पांढरे स्फटिक एकमेकांत शिरलेले दिसतात, कुठे पांढऱ्याने निळ्याला झाकलेले असते, कुठे उलट. चिकटवलेल्या नमुन्यात दोहोंच्या मध्ये चकचकीत, बुडबुडे असलेली रेघ दिसते किंवा ती लपवण्यासाठी दगडाची पूड भुरभुरवलेली असते. अंधारात अतिनील बॅटरीचा प्रकाश टाकल्यास अनेक प्रकारचे डिंक पांढरट निळे उजळतात. पण कॅल्साइटसारखी काही खनिजेही उजळतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

प्रश्न : आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचे स्फटिकाचे छोटे शिवलिंग आहे. नातू म्हणतो, ते काचेचे असेल. त्याला धक्का न लावता परीक्षा करता येईल का? (अक्कलकोट)

उत्तर : करता येईल, आणि आपण ओरखडा काढण्याची परीक्षा करू नये ही पहिली विनंती. देवघरात ज्याला स्फटिक म्हणतात ती नितळ गार असते. पांढऱ्या कागदावर डोक्याचा एक केस सरळ ठेवावा, त्यावर शिवलिंग धरावे आणि गोल माथ्यातून केसाकडे पाहत ते हळूहळू सर्व बाजूंनी फिरवावे. गारेतून जाताना प्रकाशाचा किरण दोन किरणांत विभागला जातो, त्यामुळे कोणत्या ना कोणत्या दिशेने एका केसाचे दोन केस दिसतात. काचेतून कोणत्याही दिशेने एकच दिसतो. गारेतही एक दिशा अशी असते की जिच्यातून पाहिले असता दोन प्रतिमा होत नाहीत, म्हणून एकदाच पाहून ठरवू नये. जोडीला भिंगातून आत पाहावे. गोल बुडबुडे दिसले तर काच, आणि पांढुरक्या पडद्यासारख्या रेघा किंवा तुटक भेगा दिसल्या तर गार असण्याचा संभव जास्त. गालाला लावल्यावर गार काचेपेक्षा अधिक थंड लागते हे खरे आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. वजनाचाही उपयोग होत नाही, कारण गारेची घनता २.६५ आणि साध्या काचेची सुमारे २.५ आहे. माळेतील लहान मण्यांमध्ये केसाची परीक्षा कठीण जाते, तिथे रत्नपरीक्षकाकडे जाणेच बरे.

प्रश्न : ऑनलाइन नमुने घेताना कोणती काळजी घ्यावी? फोटोत हिरवागार दिसलेला अ‍ॅपोफिलाइट घरी आल्यावर फिकट निघाला. (विजापूर रोड, तसेच बार्शी येथील दोन पत्रे)

उत्तर : अ‍ॅपोफिलाइटचा हिरवा रंग त्यातील व्हॅनेडियममुळे येतो आणि त्याच्या खूप छटा आहेत. फोटोमध्ये तो गडद करणे फार सोपे असते. म्हणून दिवसाच्या उजेडात, हातावर धरून, फिरवत काढलेली चित्रफीत मागावी आणि शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवायला सांगावे. मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. टवके कुठे आहेत, काही चिकटवले आहे का, तेल लावले आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत, कारण लेखी उत्तराची जबाबदारी विक्रेत्याला टाळता येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न नमुना कुठला आहे हा. संग्रहातील नमुन्याचे मोल त्याच्या ठिकाणाशी बांधलेले असते, आणि ठिकाण एकदा हरवले की तो नमुना केवळ एक सुंदर दगड उरतो. 'भारत' किंवा 'महाराष्ट्र' एवढेच लिहिलेली चिठ्ठी अपुरी आहे. गाव, तालुका, शक्य असल्यास खाण आणि साल असावे. माहीत नाही असे प्रामाणिकपणे सांगणारा विक्रेता मला विश्वासार्ह वाटतो, आणि प्रत्येक हिरव्या अ‍ॅपोफिलाइटला पुण्यातील पाषाण भागाच्या टेकडीचे नाव देणारा मुळीच वाटत नाही. तिथले जुने नमुने नावाजलेले आहेत म्हणूनच ते नाव इतरांना चिकटवले जाते.

ग्रॅमवर किंमत सांगणाऱ्याकडून स्फटिकांचे नमुने घेऊ नयेत. किंमत ठरते ती पैलूंच्या पूर्णतेवर, चमकेवर, मांडणीवर, दुर्मीळपणावर आणि ठिकाणावर. जड नमुन्यात पुष्कळदा नुसता काळा दगड जास्त असतो. पाठवताना नमुना डबीत, डबी कापसाऐवजी मऊ कागदात आणि तो सगळा ऐवज मोठ्या खोक्यात असावा. कापसाचे धागे सुयांसारख्या स्फटिकांत अडकतात आणि काढताना स्फटिक मोडतात. अ‍ॅपोफिलाइट तर एका धक्क्याने आडवा दुभंगतो.

प्रश्न : विहिरीतून काढलेला एक सुरेख पारदर्शक स्फटिकगुच्छ मे महिन्यात आपोआप पांढरा पडला आणि हात लावताच त्याची भुकटी झाली. बाकीच्या नमुन्यांचेही असेच होईल का? ते कसे धुवावेत? (मोहोळ)

उत्तर : तो लॉमोंटाइट असावा. झिओलाइट खनिजांच्या जाळीदार रचनेत पाण्याचे रेणू बसलेले असतात, आणि लॉमोंटाइट त्यांतील काही पाणी साध्या कोरड्या हवेतही गमावतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते, तेव्हा तर हे काही दिवसांत घडते. पुढे असा नमुना मिळाल्यास तो ओला असतानाच घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा आणि डबीत ओल्या कापसाचा छोटा बोळा वेगळ्या टोपणात ठेवून तो अधूनमधून ओलवावा. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अ‍ॅपोफिलाइट घरातील हवेत टिकतात, त्यांची चिंता करू नये. त्यांना पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हाच्या खिडकीत मात्र ठेवू नये. अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंगही उन्हाने फिका होतो.

धुण्यासाठी साधे पाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरेसा आहे. ओकेनाइट आणि सुयांचे स्फटिक ब्रशने घासू नयेत. फरशी धुण्याचे आम्ल वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये. त्यात कॅल्साइट विरघळते, अ‍ॅपोफिलाइटचे पैलू मंदावतात आणि झिओलाइटही खराब होतात.

प्रश्न : स्फटिक रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यावे असे एकीने सांगितले. फायदा होतो का? (सात रस्ता)

उत्तर : ते पाणी पिऊ नये. काही खनिजांत शिसे, आर्सेनिक, पारा किंवा तांबे असते आणि दिसायला ती फार आकर्षक असतात. बाजारात निळा स्फटिक म्हणून मिळणारा मोरचूद पाण्यात सहज विरघळतो आणि विषारी आहे. नमुने हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांच्या तोंडापासून दूर ठेवावेत. आजारासाठी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : भीमेच्या पात्रात पट्ट्यापट्ट्यांचे, अर्धपारदर्शक गोटे मिळतात. ते जमवण्यासारखे आहेत का? (मंगळवेढा)

उत्तर : नक्कीच आहेत. ते अकीक आणि कॅल्सेडनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची गार. बेसाल्टमधील पोकळ्या या गारेने थरांथरांनी भरल्या, पुढे भोवतालचा खडक झिजून माती झाला आणि कठीण गोटे तेवढे नदीने वाहून आणले. पाण्यात बुडवून पाहिले की पट्टे उठून दिसतात. तुटलेल्या गोट्याच्या कडेवर बॅटरी धरून भिंगातून पाहावे. बाहेरचे पट्टे पोकळीच्या आकाराला समांतर जातात, आणि कधी अगदी मध्यभागी एक चिमुकली रिकामी जागा राहून तिच्यात गारेची टोके चमकताना दिसतात.

या दगडाचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, असा उल्लेख आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात प्राचीन मणी पाहता येतात. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येते, आणि अकीक जमवणाऱ्याने तिथे गेलेच पाहिजे.

मात्र एक मर्यादा पाळावी. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणकालीन लोकांनी याच कॅल्सेडनीची धारदार पाती बनवली होती आणि अशी पाती आपल्या नद्यांच्या काठांवर आजही मिळतात. ज्या तुकड्याच्या दोन्ही बाजू समांतर असून कडेवर ओळीने बारीक टवके काढलेले दिसतात, तो माणसाच्या हातचा समजावा. तो जागेवरच राहू द्यावा, छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे. वाळूचे ठेके आणि पात्रातील खड्डे यांमुळे नदीत एकट्याने उतरू नये.

प्रश्न : उत्तम नमुने एकत्र कुठे पाहायला मिळतील? (पंढरपूर)

उत्तर : नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय. महाराष्ट्रातील झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइट यांचे तिथले नमुने पाहिल्यावर चांगला नमुना कशाला म्हणावे याचे माप डोळ्यांत बसते, आणि हे माप खरेदीपूर्वी बसलेले असणे हिताचे. वेरूळ-अजिंठ्याला जाणे झाल्यास तिथले फिरते विक्रेतेही चांगले नमुने दाखवतात, पण रंगवलेले आणि चिकटवलेले नमुनेही त्याच टोपलीत असतात, तेव्हा भिंग बरोबर असावे.

प्रश्न : माझे वडील विहिरींच्या कामांवर मुकादम होते. त्यांच्या मागे एक ट्रंक भरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्फटिक राहिले आहेत. कशावरही नाव नाही. भंगारवाला किलोवर मागतो आहे. काय करावे? (अक्कलकोट रोड)

उत्तर : किलोवर देऊ नका, आणि सगळी ट्रंक एकाच दिवशी मोकळी करू नका. गुंडाळलेले वर्तमानपत्रच कदाचित तुमची चिठ्ठी आहे. त्यावर तारीख असते, कधी आवृत्तीचे गाव असते, आणि वडिलांची हजेरीची वही किंवा कामाच्या पावत्या सापडल्या तर त्या तारखेला ते कोणत्या गावी होते हे जुळवता येते. त्यांच्याबरोबर काम केलेले कोणी हयात असतील तर त्यांना आधी भेटा, दगड नंतरही थांबतील.

प्रत्येक पुडके उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर छायाचित्र काढावे. कागदाचा तारखेचा भाग कापून त्या नमुन्याबरोबर डबीत ठेवावा. नमुन्याच्या मूळ खडकावर, न दिसणाऱ्या बाजूला, पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक वहीत घ्यावा. वहीत जे निश्चित आहे ते आणि जे अंदाजाचे आहे ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. अंदाज एकदा निश्चितच्या रकान्यात गेला की पुढच्या पिढीला तो वेगळा काढता येत नाही. खनिजाचे नाव कळत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते, तिथल्या शिक्षकांना आधी वेळ मागून निवडक नमुने दाखवता येतील.

विकायचेच ठरले तर वेगवेगळ्या दोन-तीन जाणकारांना दाखवून मग किंमत ठरवावी, आणि कोणाही घेणाऱ्याला नमुन्याबरोबर त्याची चिठ्ठी, वर्तमानपत्राचा तुकडा आणि वहीतील नोंदीची प्रत द्यावी. मूळ वही तुमच्याकडेच ठेवावी.